चपटे नाक, वाकडा कणा

संध्याकाळी वाशीच्या मिनी सी-शोअरवर किंवा नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ उद्यानापाशी थोडा वेळ उभे राहिले, तर मालकांबरोबर फिरायला निघालेली कितीतरी कुत्री दिसतात. पूर्वी या फेरीत पॉमेरेनियन, अल्सेशियन आणि डॉबरमन यांचा भरणा असे. आता त्यांच्या जोडीला चपट्या नाकाची, सुरकुतलेल्या चेहऱ्याची कुत्री आली आहेत. पग आहे, शित्झू आहे आणि अलीकडे वटवाघळासारखे उभे कान असलेला फ्रेंच बुलडॉगही आहे.

आपल्याकडे पगची हौस वाढली ती २००३ मधल्या ‘हच’ कंपनीच्या मोबाइल फोनच्या जाहिरातीमुळे. लहान मुलाच्या मागे मागे सगळीकडे जाणारा तो पग घराघरांत पोहोचला आणि ‘ते हचचे कुत्रे’ हवे असा हट्ट मुलांनी धरला. फ्रेंच बुलडॉगची लाट त्यानंतरची, आणि ती जगभरची आहे. अमेरिकेत एकतीस वर्षे पहिल्या क्रमांकावर असलेल्या लॅब्रॅडॉरला मागे टाकून २०२२ मध्ये हा कुत्रा तिथला सर्वांत लोकप्रिय ठरला.

या कुत्र्यांना धाप लागते, ती घोरतात, त्यांना उन्हाळा सोसत नाही, हे पाळणाऱ्यांना बहुधा ठाऊक असते. पण त्यांच्या पाठीच्या कण्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. एके दिवशी सकाळी चांगले हिंडणारे, खेळणारे चार वर्षांचे कुत्रे मागचे पाय ओढत पुढे येते आणि घरात रडारड होते. कुठे पडले नाही, कुणी मारले नाही, मग हे झाले कसे? त्याचे उत्तर त्या कुत्र्याच्या जन्माच्याही आधी, त्याच्या जातीच्या घडणीत सापडते.

आधी निरोगी कणा कसा असतो ते पाहू. कुत्र्याच्या मानेत ७ मणके असतात, छातीच्या भागात १३, कमरेत ७ आणि त्यामागे एकमेकांना जुळलेले ३. त्यानंतर शेपटीचे मणके. प्रत्येक मणका साधारण नळकांड्यासारखा असतो आणि त्याच्या वरच्या बाजूला हाडाची कमान असते. या कमानींच्या बोगद्यातून मज्जारज्जू जातो. मेंदूचे हुकूम पायांपर्यंत नेणारी आणि पायांच्या संवेदना मेंदूपर्यंत आणणारी ही मुख्य तार. दोन मणक्यांच्या मध्ये एक लवचिक चकती असते. आपल्याकडे बोलताना तिला ‘गादी’ म्हणतात, आणि ‘गादी सरकली’ हा शब्दप्रयोग कंबरदुखीने हैराण झालेल्या कुठल्याही घरात ऐकू येतो. चपट्या नाकाच्या कुत्र्यांत दुखणे दोन ठिकाणी उद्भवते. एक मणक्यात, दुसरे या गादीत.

पहिले मणक्याचे. गर्भात असताना मणक्याचा एखादा भाग नीट वाढलाच नाही, तर नळकांड्याऐवजी पाचरीसारखा मणका तयार होतो. याला अर्धमणका म्हणता येईल. पशुवैद्य त्याला ‘हेमिव्हर्टिब्रा’ म्हणतात. कधी मणक्याचा मधला भाग भरत नाही आणि एक्स-रेमध्ये तो पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा दिसतो. विटांच्या सरळ थरात एक वीट पाचरीच्या आकाराची बसवली, तर पुढचा सगळा थर वाकडा जाईल. कण्याचेही तसेच होते. पाठीला कुबड येते किंवा कणा एका बाजूला झुकतो. हे बहुतेक वेळा छातीच्या मधल्या मणक्यांत घडते. तिथे बोगदा मुळातच अरुंद असतो, त्यामुळे मज्जारज्जू दाबला जाण्याची शक्यता अधिक.

बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि बॉस्टन टेरियर यांची आखूड, पिळलेली शेपटी आपल्याला गंमतशीर वाटते. ती मळसूत्री शेपटी म्हणजे खरे तर वेडेवाकडे झालेले मणकेच आहेत. या तीन जातींमधल्या मळसूत्री शेपटीमागे ‘डीव्हीएल-२’ नावाच्या जनुकातला बदल असल्याचे संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले. याच कुटुंबातल्या जनुकांत बिघाड झाला, तर माणसांत ‘रॉबिनाऊ सिंड्रोम’ नावाचा दुर्मिळ आजार होतो. त्यातही चेहरा रुंद व चपटा असतो आणि मणक्यांत दोष आढळतात. म्हणजे एका जातीत ज्याला आपण ‘शोभा’ म्हणतो, तोच बदल दुसरीकडे वैद्यकीय पुस्तकात विकार म्हणून नोंदलेला आहे. बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉगमध्ये हा बदल इतका पसरला आहे की, त्यापासून मुक्त असे पिल्लू मिळणे जवळपास अशक्य आहे.

मात्र घाबरून जाण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. अर्धमणका असणे आणि आजारी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यवस्थित धावणाऱ्या-खेळणाऱ्या बहुतेक फ्रेंच बुलडॉगांच्या एक्स-रेमध्येही एखादा तरी असा मणका सापडतो आणि त्यातली बरीच कुत्री त्यामुळे कधीच लंगडत नाहीत. कुबडाचा कोन साधारण ३५ अंशांपेक्षा जास्त असेल, तर मात्र मज्जारज्जूवर दाब येऊन त्रास होण्याची शक्यता वाढते. अशी लक्षणे बहुधा पहिल्या वर्षातच दिसू लागतात. पिल्लाचे मागचे पाय हळूहळू अडखळू लागतात.

पगची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याची शेपटीही वळलेली असते, पण ‘डीव्हीएल-२’चा तो बदल पगमध्ये आढळत नाही. अर्धमणकेही फ्रेंच बुलडॉगच्या मानाने कमी कुत्र्यांत असतात. पण ज्यांत असतात त्यांना त्रास होण्याचे प्रमाण जास्त. शिवाय पगमध्ये आणखी एक दोष दिसतो. दोन मणके एकमेकांत अडकवणारे जे हाडांचे छोटे सांधे असतात, ते पाठ आणि कंबर यांच्या सीमेवर खुरटलेले असतात किंवा नसतातच. दाराची बिजागरी सैल असावी तशी स्थिती होते. वर्षानुवर्षे सूक्ष्म हालचाल होत राहते, आजूबाजूला जाड तंतू साचतात आणि मज्जारज्जू आवळला जातो. हे बहुधा उतारवयात दिसते आणि बरेचदा दुखत नाही. कुत्रे झिंगल्यासारखे चालते, चालता चालता त्याच्याही नकळत शी पडते. घरातली माणसे म्हणतात, ‘म्हातारा झाला आता.’ वयाच्या नावावर खपून जाणारे हे दुखणे खरे तर कण्याचे असते.

आता दुसरे ठिकाण, म्हणजे गादी. गादीच्या मध्यभागी जेलीसारखा मऊ, पाणीदार गाभा असतो आणि त्याभोवती चिवट तंतूंची कडी. उडी मारताना बसणारा धक्का हा गाभा झेलतो. पण काही जातींत हा गाभा फार लवकर, वयाच्या पहिल्या वर्षाच्या आसपासच सुकू लागतो आणि त्यात चुना साचतो. रबराचा वॉशर उन्हाने कडक होऊन चिरावा, तशी ही गादी होते. मग सोफ्यावरून मारलेली एक साधी उडी पुरते. कडी फाटते आणि आतला कठीण झालेला गाभा थेट मज्जारज्जूवर आदळतो. स्वीडनचे पशुवैद्य हॅन्सन यांनी १९५२ मध्ये या दुखण्याचे दोन प्रकार सांगितले. गाभा फुटून अचानक बाहेर येतो तो पहिला. गादी हळूहळू फुगून वर दाब देते तो दुसरा. ही विभागणी आजही जगभर वापरली जाते.

गादी अकाली का सुकते, याचा एक धागा २०१७ मध्ये हाती लागला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी दाखवले की, ‘एफजीएफ-४’ नावाच्या वाढीच्या जनुकाची एक जादा प्रत काही कुत्र्यांच्या बाराव्या गुणसूत्रावर असते. या जादा प्रतीमुळे पाय आखूड राहतात आणि गाद्यांची झीज लवकर होते. लांब पाठीच्या डॅशहुंडमध्ये गादीचे दुखणे प्रसिद्धच आहे. पण फ्रेंच बुलडॉग, पेकिनीज अशा चपट्या नाकाच्या जातींतही ही प्रत आहे. फ्रेंच बुलडॉगच्या वाट्याला अशा रीतीने दोन्ही दोष आलेले आहेत. मणके वेडेवाकडे आणि गाद्या कमजोर. कुबडामुळे शेजारच्या गाद्यांवर भलता ताण पडतो, तो वेगळाच. त्यामुळे ऐन तारुण्यात, तीन ते पाच वर्षांच्या वयातच हे कुत्रे आजारी पडते. कधी पाठीची गादी सरकते, कधी मानेची.

मग ओळखायचे कसे? सुरुवात बहुधा दुखण्याने होते. उचलताना कुत्रे केकाटते. पाठ कमानीसारखी करून उभे राहते, पोट ताठ धरते, थरथरते. रोज सोफ्यावर टुणकन चढणारे कुत्रे खालीच बसून राहते. मानेचे दुखणे असेल तर मान खाली घालून, नुसते डोळे फिरवून बघते. जमिनीवरच्या वाटीतले खात नाही, पण वाटी उंच धरली तर खाते. पुढची पायरी म्हणजे झोकांड्या खात चालणे, पंजा उलटा टेकणे, फरशीवर नखे घासल्याचा आवाज येणे. त्यापुढे उभेच राहता येत नाही. नंतर पाय अजिबात हलत नाहीत आणि लघवीवरचा ताबा जातो. शेवटच्या पायरीवर पायाचे बोट जोरात चिमटले तरी वेदना मेंदूपर्यंत पोहोचत नाही. ही तपासणी पशुवैद्यानेच करायची असते, कारण पाय आखडून घेणे आणि वेदना जाणवणे यांत फरक आहे.

या पायऱ्या सांगण्याचे कारण असे की, उपचाराचा सगळा हिशेब त्यांवर अवलंबून असतो. नुसते दुखत असेल, किंवा लडखडत का होईना पण कुत्रे चालत असेल, तर पुष्कळदा औषध आणि सक्तीची विश्रांती यांनी भागते. विश्रांती म्हणजे घरात मोकळे सोडून ‘फार पळू नकोस’ म्हणणे नव्हे. किमान चार आठवडे पिंजऱ्यात किंवा छोट्या कठड्यात ठेवायचे आणि शी-शूपुरते उचलून बाहेर न्यायचे. फाटलेली कडी भरून यायला तेवढा वेळ लागतोच. वेदनाशामक गोळीने दुसऱ्याच दिवशी कुत्रे उड्या मारू लागते आणि मालक निर्धास्त होतात. खरा धोका तिथेच असतो, कारण दुखणे दबलेले असते, जखम भरलेली नसते.

पाय लुळे पडले असतील, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. कमानीचा थोडा भाग कापून मज्जारज्जूवर पडलेला गाभा काढून टाकतात. पायात वेदना जाणवत असेपर्यंत शस्त्रक्रिया झाली, तर साधारण दहापैकी नऊ कुत्री पुन्हा चालू लागतात. वेदनेची जाणीवच गेली असेल, तर हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येते. अशा गंभीर अवस्थेतल्या फ्रेंच बुलडॉगांमध्ये मज्जारज्जू मऊ पडत जाण्याचा धोकाही इतर जातींपेक्षा अधिक दिसतो. तसे झाले तर लकवा काही दिवसांत वर वर सरकतो आणि श्वासच थांबतो. म्हणून ‘उद्या रविवार आहे, सोमवारी बघू’ हे या दुखण्यात परवडत नाही. पाय लुळे पडणे ही त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला हालचाल करण्याची वेळ असते.

नवी मुंबईत जवळच्या पशुवैद्याकडे प्रथम जावेच. पण साध्या एक्स-रेमध्ये हाडे दिसतात. मज्जारज्जू दिसत नाही आणि मऊ गादीही दिसत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागतो आणि तो करण्यासाठी कुत्र्याला भूल द्यावी लागते. मोठ्या रुग्णालयाची गरज पडली की, आपली नजर खाडीपलीकडे जाते. परळला १८८३ मध्ये स्थापन झालेले बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आणि १८८६ पासूनचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षीच्या जानेवारीत अटल सेतू खुला झाल्याने उलवे-पनवेलकडच्या लोकांना शिवडीला, म्हणजे परळच्या उंबरठ्यावर, लवकर पोहोचता येते. निघण्यापूर्वी फोन करून कोणती सोय त्या वेळी उपलब्ध आहे हे विचारावे, म्हणजे हेलपाटा वाचतो. नेताना कुत्र्याला कडेवर घेऊ नये. सपाट फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर आडवे ठेवावे.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नयेत. आपल्या घरातल्या कंबरदुखीच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आणि पाठीला मालीश करून ‘नस बसवण्याचा’ प्रयत्न करू नये. फुटलेली गादी दाबून जागेवर जात नाही, उलट आणखी बाहेर येते.

चपट्या नाकाच्या कुत्र्याला भूल देणे हेही जोखमीचे काम आहे. नाकपुड्या बारीक, टाळू लांब, श्वासनलिका अरुंद. भूल उतरताना श्वास अडकण्याची भीती असते, म्हणून पूर्ण जाग येईपर्यंत जवळ माणूस लागतो. शस्त्रक्रियेनंतर खरी कसोटी घरच्यांची असते. दिवसातून तीन-चार वेळा मूत्राशय हाताने दाबून रिकामे करावे लागते, कूस बदलावी लागते, पायांना व्यायाम द्यावा लागतो. नवरा-बायको दोघेही सकाळची लोकल पकडून मुंबईला जाणारे असले, की हे सारे आजी-आजोबांवर पडते. खर्चाचा आकडाही छोटा नसतो. तेव्हा शस्त्रक्रिया झेपणार नाही असे एखाद्या कुटुंबाने ठरवले, तर त्याला निर्दय म्हणण्याचा अधिकार इतरांना नाही. काही कुत्री मागे दोन चाकांची गाडी लावून समाधानाने जगतात. काहींच्या वेदना थांबत नाहीत, तेव्हा दयामरणाचाही विचार करावा लागतो. हा निर्णय पशुवैद्याशी मोकळेपणाने बोलूनच घ्यावा.

दोष जन्माचा असला तरी तो वाढू नये यासाठी घरात पुष्कळ काही करता येते. आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्स हा या कुत्र्यांचा मोठा शत्रू. पाय घसरला की कणा पिळवटतो. कुत्रे जिथे वावरते तिथे रबरी चटया किंवा घट्ट बसणाऱ्या सतरंज्या टाकाव्यात. सोफ्याला आणि पलंगाला छोटी उतरंड करावी, किंवा वर चढण्याची सवयच लावू नये. सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींत बरेचदा लिफ्ट नसते. तिथे जिने उतरताना कुत्र्याला उचलावे. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली, पाठ जमिनीला समांतर. नुसते पुढच्या पायांना धरून लहान मुलासारखे कधीही उचलू नये. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा, म्हणजे मानेला हिसका बसत नाही आणि श्वासही कोंडत नाही.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे वजन. हात फिरवल्यावर फासळ्या जाणवल्या पाहिजेत. पावाचा तुकडा, बिस्कीट, पोळीला लावलेले तूप, हे सारे अखेर कण्यावरच लादले जाते. आपल्या दमट हवेत ही कुत्री फार चालू शकत नाहीत, म्हणून त्यांना लठ्ठपणा लवकर येतो. उन्हाळ्यात पहाटे आणि रात्री उशिरा फिरवावे, थोडे थोडे पण रोज फिरवावे. कण्याला आधार स्नायूंचा असतो आणि स्नायू बसून बळकट होत नाहीत.

हे सारे कुत्र्यांच्या वाट्याला आले कसे? निसर्गाने तर असे काही केले नव्हते. इंग्लंडमध्ये बुलडॉग पूर्वी बैलांशी झुंजवला जाई. १८३५ मध्ये कायद्याने या झुंजी बंद झाल्या. पुढे कुत्र्यांची प्रदर्शने भरू लागली आणि ताकदीऐवजी रूपाला बक्षिसे मिळू लागली. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ मध्ये स्वतःच्या चित्रात आपला पगही रंगवला आहे. त्या पगला चांगले ठसठशीत तोंड आहे. पिढ्यान्‌पिढ्या अधिक चपट्या तोंडाची, अधिक गोल डोक्याची पिल्ले निवडत गेल्याने आजचा पग झाला. तान्ह्या बाळासारखा चेहरा माणसाला आवडतो, आणि त्या आवडीची किंमत कुत्रे मोजते.

काही देश आता जागे झाले आहेत. नेदरलँड्समध्ये तोंडाची लांबी डोक्याच्या एक-तृतीयांशापेक्षा कमी असलेल्या कुत्र्यांची पैदास करण्यावर २०१९ पासून निर्बंध कडक केले गेले. आपल्याकडे जातीच्या ठेवणीबद्दल असा नियम नाही. पण २०१७ मध्ये केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे व विक्रीचे नियम केले. त्यानुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते, आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकायचे नसते आणि अठरा महिन्यांपेक्षा लहान मादीपासून पिल्ले घ्यायची नसतात. मोबाइलवर फोटो बघून, रस्त्यात गाडीच्या डिकीतून पिल्लू घेताना यातले काहीच तपासले जात नाही.

म्हणून पिल्लू आणण्यापूर्वी ब्रीडरचे नोंदणीपत्र मागावे. पिल्लाचे आई-बाप बघावेत, ते सरळ चालतात का, चार पावलांत धापा टाकतात का, हे पाहावे. आई-बापांच्या कण्याचे एक्स-रे काढले आहेत का, असे विचारावे. ‘कशाला हवेत?’ असे उत्तर आले, तर तिथून निघावे. पगच घ्यायचा असेल, तर थोडे लांब नाक असलेला पग ‘अस्सल नाही’ म्हणून नाकारू नये. श्वासाच्या दृष्टीने तोच जास्त सुखी असतो. आणि एवढ्या दूर जायचीही गरज नाही. लातूर-सोलापूरकडचा कारवानी आहे. तो पळणारा कुत्रा असल्याने त्याला मोकळी जागा मात्र हवी. आपल्याच सेक्टरमध्ये हिंडणारी गावठी पिल्लेही आहेतच. त्यांचा कणा कोणत्याही प्रदर्शनासाठी घडवलेला नाही. तो चालण्या-पळण्यासाठी घडला आहे.

ज्यांच्या घरी चपट्या नाकाचा सोबती आधीच आला आहे, त्यांनी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. त्याची पाठ सांभाळावी, वजन आटोक्यात ठेवावे आणि तो अडखळला की वाट न पाहता डॉक्टर गाठावा. ज्यांनी अजून आणलेला नाही, त्यांच्या हाती मात्र अधिक मोठी गोष्ट आहे. बाजारात मागणी असेल तेच पिकते. आपण निरोगी कणा मागितला, तर उद्याची पिल्ले तशी जन्माला येतील.